डूड रँचवर सहकुटुंब एक आठवडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आई-बाबांना भारतातून बोलावून घेणाऱ्या मराठी घरांमधून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं देताना वायोमिंग, मोन्टाना, कोलोराडो आणि ॲरिझोना इथल्या रँच डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक रँचचे नियम थोडेफार वेगळे असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी फोन करून खात्री करून घ्याच.

डूड रँच म्हणजे नेमकं काय?

गुरं-घोडे पाळणारी मोठी वाडी, जी पाहुण्यांना आठवडाभर ठेवून घेते, तीन वेळा जेवू घालते आणि रोज घोड्यावर बसवते. 'डूड' म्हणजे शहरातून आलेला, घोड्याची शेपूट कुठे आणि तोंड कुठे एवढंच ठाऊक असलेला पाहुणा. हल्ली बरेच जण 'गेस्ट रँच' म्हणतात.

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. काहींचा मुख्य धंदा अजूनही गुरांचा आहे आणि पाहुणे हा जोडधंदा. तिथे कामात हात लावावा लागतो, सोयी बेताच्या असतात. दुसऱ्या प्रकारात पाहुणे आणि घोडेस्वारी हाच धंदा. तिसऱ्यात स्पा, मद्याची लांबलचक यादी आणि मऊ गाद्या असतात, घोडे त्या यादीत पाचव्या-सहाव्या ओळीवर. पहिल्यांदा सहकुटुंब जात असाल तर मधला प्रकार निवडा. तिसऱ्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही.

ही कल्पना आली कुठून?

पिट्सबर्गहून पश्चिमेला आलेल्या ईटन भावंडांपासून, असं मानलं जातं. हॉवर्ड, विलिस आणि ॲल्डन या तिघांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला डकोटाच्या बॅडलँड्समध्ये, मेडोरा गावाजवळ, रँच टाकली. थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेही १८८३ मध्ये त्याच भागात आले आणि त्यांनी तिथे गुरं घेतली. ईटनांकडे पूर्वेकडच्या ओळखीपाळखीच्या लोकांचा असा राबता सुरू झाला की पाहुण्यांनाच संकोच वाटून ते राहण्या-खाण्याचे पैसे देऊ लागले. मग १८८६-८७ चा भीषण हिवाळा आला. बर्फात गुरांचे कळपच्या कळप मेले आणि नुसत्या गुरांवर जगणं किती बेभरवशाचं आहे ते सगळ्यांना कळून चुकलं. पैसे देणारा पाहुणा मात्र थंडीत मरत नव्हता!

१९०४ मध्ये ईटन मंडळी वायोमिंगमध्ये, शेरिडनजवळच्या वुल्फ इथे, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी आली. ती रँच आजही चालू आहे. पुढे रेल्वे कंपन्यांनी या सुट्ट्यांची जोरदार जाहिरात केली आणि १९२६ मध्ये रँचमालकांची संघटनाही उभी राहिली.

आम्ही सात दिवसांत माउंट रशमोर, यलोस्टोन, ग्रँड टेटन आणि मधे दोन दिवस रँच असं बसवलंय. चालेल?

नाही. आणि या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

आपल्याकडे सहल म्हणजे ठिकाणांची यादी. सकाळी बॅगा भरा, दुपारी फोटो, रात्री नवं हॉटेल. रँच या हिशेबात बसत नाही. तिथे पहिला दिवस घोडा ठरण्यात आणि रिकिबींची लांबी जुळवण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की खुर्चीत बसतानाही 'आई गं' निघतं. तिसऱ्या दिवशी दुखणं शिगेला पोचतं आणि घरातलं कुणीतरी, बहुधा बाबा, आज आपण केबिनमध्येच पुस्तक वाचणार असं जाहीर करतात. चौथ्या दिवशी अंग सैल पडतं. घोड्याच्या पावलाबरोबर कंबर आपोआप हलायला लागते आणि आजूबाजूचा डोंगर पहिल्यांदा नीट दिसतो. ज्यासाठी आलात ते खरं तर चौथ्या दिवशी सुरू होतं. दोन दिवसांच्या मुक्कामात पदरी पडतं ते फक्त दुखणं.

म्हणूनच ऐन हंगामात बऱ्याच जुन्या रँच रविवार ते रविवार किंवा शनिवार ते शनिवार असं सबंध आठवड्याचंच आरक्षण घेतात. हंगामाच्या आगेमागे, किंवा ॲरिझोनात, तीन-चार रात्री मिळू शकतात.

यलोस्टोन बघायचंच असेल तर रँचच्या आधी किंवा नंतर बघा. कोडी गावापासून त्याचं पूर्वेकडचं प्रवेशद्वार सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ गाजवणाऱ्या बफेलो बिलच्या नावाने ओळखलं जाणारं हे गाव. उन्हाळ्यात तिथे रोज रात्री रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धा, भरतो. एक संध्याकाळ त्याला द्या. माउंट रशमोर मात्र या खेपेला सोडा. मधलं अंतर जवळजवळ एका दिवसाच्या ड्रायव्हिंगचं आहे.

माथेरानला घोड्यावर बसलोय. तेवढा अनुभव पुरे का?

अनुभव शून्य असला तरी चालतं, बहुतेक पाहुणे तसेच असतात. फक्त फॉर्मवर 'अनुभवी' असं लिहू नका. माथेरान-महाबळेश्वरला लगाम नावापुरता आपल्या हातात असतो; घोडा घोडेवाल्याचं ऐकतो आणि घोडेवाला बाजूने चालत असतो. रँचवर बाजूने कुणी चालत नाही. पुढे एक रँग्लर म्हणजे घोड्यांचं सगळं बघणारा माणूस (हल्ली अर्ध्याअधिक तरुण मुलीच असतात), त्याच्यामागे एकेक करत सहा-सात पाहुणे, प्रत्येकाचा घोडा प्रत्येकाच्या ताब्यात. थांबवायचा, वळवायचा, चढावर सांभाळायचा तो तुम्हीच.

मुंबई-पुण्याच्या क्लबात शिकलेल्यांनाही पहिला दिवस बुचकळ्यात पाडतो, कारण तिथली पद्धत इंग्रजी. दोन्ही हातांत लगाम, तो तोंडाशी हलका ताणलेला. रँचवर लगाम एका हातात आणि सैल. हात डावीकडे नेला की उजवा पट्टा मानेला लागतो आणि घोडा डावीकडे वळतो. ओढाओढ करायची नाही. जमलं तर जाण्याआधी घराजवळच्या एखाद्या तबेल्यात दोन-चार धडे घ्या. त्याने कौशल्य फारसं येत नाही, पण एवढ्या मोठ्या जनावराची भीती घरीच उतरते, आणि रँचवरचा पहिला दिवस वाचतो.

घोडा कसा ठरतो? आपण निवडायचा का?

निवड रँग्लरची. उंची, वजन, वय, अनुभव आणि तुम्ही कॉरलच्या (घोड्यांच्या आवाराच्या) कुंपणाजवळ किती धिटाईने उभे राहता, एवढ्यावरून तो जोडी लावतो. बहुतेक घोडे क्वार्टर हॉर्स जातीचे किंवा त्या रक्ताचे असतात. पाव मैलाच्या शर्यतीत कुणाला ऐकत नसत म्हणून हे नाव. अंगाने भरलेले, स्वभावाने शांत, गुरांच्या कामात तरबेज. साधारण चौदा ते सोळा हात उंच; 'हात' म्हणजे इथे चार इंच, आणि माप खांद्यापर्यंतचं.

एकदा जमलेला घोडा बहुतेक रँचवर आठवडाभर तुमचाच. सगळी गंमत यातच आहे. मंगळवारपर्यंत कळतं की याला ओढा ओलांडताना थबकायची सवय आहे. बुधवारी कळतं की मागच्या करड्या घोडीशी याचं पटत नाही. घोड्यांच्या कळपात मानपान असतो, कोण कुणाच्या पुढे चालणार हे ठरलेलं असतं. आपण रांग मोडून पुढे गेलो तर लाथ बसू शकते, आणि ती आपल्या घोड्यालाच बसेल असं नाही.

जोडी जमत नसेल तर स्पष्ट सांगा. 'कशाला उगाच, त्यांना वाईट वाटेल' असा विचार करून आठवडा काढणारी आपली माणसं पुष्कळ आहेत. रँग्लरला वाईट वाटत नाही. घाबरलेला स्वार त्याला मुळीच नको असतो, तो दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दुसरं खोगीर कसतो.

मुलं किती वर्षांची हवीत?

बाहेरच्या वाटेवर स्वतंत्र घोडा साधारण सहा-सात वर्षांपासून मिळतो. त्याहून लहान मुलांना आवारातल्या रिंगणात, रँग्लरने दोरी धरलेल्या घोड्यावर फिरवतात. 'मी त्याला पुढ्यात घेऊन बसतो' हा प्रस्ताव मांडू नका, कुणीही मान्य करणार नाही. एक पडला की दोघं पडतात.

मुलांची टोळी सहसा वेगळी निघते. त्यांचे रँग्लर वेगळे, वाट वेगळी. पहिल्या दिवशी रडारड होते, पण ती बहुधा आईची. आठवड्याच्या शेवटी मुलांचा छोटा रोडिओ भरतो: पिंपांना वळसे घालणं, चमच्यात अंडं धरून घोडा चालवणं, असले खेळ. वायोमिंगच्या त्या धुळीत आपलं सहावीतलं पोर एका हाताने घोडा वळवताना बघून गप्प बसलेले बाबा पाहायला मिळतात. शिकवणीवर्गाच्या वेळापत्रकातून ज्यांना सात दिवस मोकळे केले, त्यांना त्या सात दिवसांत नेमकं काय मिळालं याचा हिशेब मागू नये.

वजनाची मर्यादा असते का?

असते, आणि ती घोड्याच्या पाठीसाठी असते. ४५० ते ५५० किलोच्या घोड्यावर, खोगीर धरून, त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा असा सर्वसाधारण आडाखा आहे. पश्चिमी खोगीरच पंधरा किलोच्या आसपास भरतं. प्रत्यक्षात बऱ्याच रँच याहून थोडी सैल, २२५ ते २५० पौंड, म्हणजे १०२ ते ११३ किलो अशी सीमा ठेवतात. फॉर्मवर खरं वजन लिहा. काही ठिकाणी काटा ठेवलेला असतो, आणि तिथे सगळ्यांसमोर उभं राहण्यापेक्षा ते बरं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना न्यावं का?

जरूर न्या, पण त्यांनी घोड्यावर बसायलाच हवं असं मनात धरू नका. गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, चक्कर यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना साधं पडणंही महागात पडतं. प्रकृती ठणठणीत असेल तर चढायला लाकडी पायऱ्या असतात, उडी मारावी लागत नाही, आणि तासाभराची संथ फेरी अनेक आजी-आजोबा मजेत करतात. आजींनी पँट घालावी. नऊवारीत घोडेस्वारी झाल्याचा इतिहास अभिमानाचा आहे, पण त्या बायका लहानपणापासून मांड पक्की करून बसल्या होत्या.

न बसणाऱ्यांसाठी घोडागाडीची फेरी, ओढ्यावर मासेमारी, पक्षी बघणं आणि व्हरांड्यातली झुलती खुर्ची एवढं तरी असतंच. न बसणाऱ्या पाहुण्याचा दर कमी आहे का ते विचारा, काही रँच तो देतात. आणि भारतातून काढलेल्या प्रवास-विम्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, हे बारीक अक्षरात वाचून घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण आधी कळवलं नाही तर बटाटे आणि पाव यांच्यावर दिवस काढाल. ही गुरांची भूमी. बुधवारी रात्री उघड्यावर मोठ्या जाळीवर स्टेक भाजले जातात आणि तो आठवड्याचा सोहळा असतो. आजकालच्या स्वयंपाकींना शाकाहार नवा नाही. नवं असतं ते आपलं 'पूर्ण' शाकाहारी असणं, म्हणून तपशिलात सांगा.

घेवड्याच्या मोठ्या पातेल्यात बेकन असतं. हिरव्या शेंगांच्या भाजीतही असू शकतं. 'पाय' (pie) या पदार्थाच्या आवरणात आणि काही टॉर्टियांमध्ये डुकराची चरबी असू शकते. सूप मांसाच्या पाण्यात शिजलेलं असतं. पॅनकेकमध्ये अंडं असतं. आणि शेकोटीवर मुलं ज्यावर तुटून पडतात ते मार्शमेलो जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्यच. जिलेटिन नसलेले मार्शमेलो दुकानात मिळतात, एक पाकीट बरोबर न्या. ऐन शेकोटीसमोर सहा वर्षांच्या पोराला तत्त्वज्ञान सांगायची वेळ येऊ नये. कांदा-लसूणही चालत नसेल तर आरक्षणाच्या वेळीच बोला, पोचल्यावर नको.

मेतकूट, लोणचं, चिवडा, शेंगदाण्याची चटणी हे नेहमीचं सामान घ्या, पण अस्वलांच्या प्रदेशात ते केबिनबाहेर किंवा गाडीत उघडं ठेवायचं नाही. रँचवाले जिथे सांगतील तिथेच. आणि जेवण लांब टेबलांवर, सगळ्यांबरोबर असतं. सगळी मराठी मंडळी एका टेबलाला चिकटून बसू नका. नेब्रास्काच्या शेतकऱ्याशी पावसावर गप्पा मारायची संधी पुन्हा कधी येणार?

कपडे काय न्यायचे?

लांब जीन्स, शक्यतो आतली शिवण जाड नसलेली. आतून सायकलवाले घालतात तशी घट्ट चड्डी घातलीत तर मांड्या सोलवटणार नाहीत. हा सल्ला कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. टाच असलेले बूट हवेत, कारण टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ शकतं आणि पडताना अडकलेलं पाऊल हा घोड्यावरचा सगळ्यात वाईट अपघात. स्पोर्ट्स शूज म्हणूनच चालत नाहीत. नवे बूट घेतले तर घरी दोन आठवडे घालून मऊ करा. काही रँचवर बूट उसने मिळतात.

टोपीला हनुवटीखालची दोरी असू द्या. मुलांना हेल्मेट बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, मोठ्यांना ऐच्छिक. ऐच्छिक असलं तरी घाला. काउबॉय टोपीतले फोटो खाली उतरून काढता येतात.

वायोमिंगच्या डोंगरात जुलैतसुद्धा पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि दुपारी पंचवीसच्या वर जातो, तेव्हा एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे. पण चालत्या घोड्यावर जॅकेट काढू नका. फडफडणारं कापड बघून घोडा बिथरतो, आणि तेव्हा तुमचे दोन्ही हात बाह्यांत अडकलेले असतात. रँग्लरला हाक मारा, तो रांग थांबवेल. टोपी उडाली तरी तेच.

रोजचा दिवस कसा असतो?

पहाटे कुरणात सोडलेला कळप रँग्लर हाकत कॉरलकडे आणतात. ते बघायला लवकर उठा. शंभरएक घोडे धुळीच्या ढगातून येतात, आणि आधी टापांचा आवाज ऐकू येतो. मग घंटा, न्याहारी, साधारण नऊ ते बारा एक फेरी, जेवण, दुपारी आणखी एक छोटी फेरी किंवा पोहणं. संध्याकाळी सहाला जेवण, हे आपल्याला पचायला जरा जड जातं. रात्री शेकोटी, गिटार, नाच. साडेनऊला सगळे झोपलेले असतात. आठवड्यात एक दिवस घोड्यांना सुट्टी.

घोडा पळवता येतो का?

आधी कदम, मग दुडकी, मग लोप म्हणजे संथ दौड. बऱ्याच रँचवर रिंगणात चाचणी होते. मांड सुटत नाही, घोडा थांबवता येतो, एवढं दिसलं तरच लोपच्या गटात घेतात. नवऱ्याला घेतलं आणि बायकोला नाही, किंवा उलट (हेच जास्त वेळा होतं), तर मनाला लावून घेऊ नका. चौखूर उधळणं सिनेमापुरतंच.

दुडकीत सगळ्यात जास्त हाल होतात, कारण घोडा वर जातो तेव्हा आपण खाली येत असतो. टाचा खाली दाबा, पोटऱ्या सैल सोडा, श्वास रोखू नका. चढावर थोडं पुढे झुका, उतारावर थोडं मागे. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवा. वाटेत गवत खाऊ देऊ नका. एकदा मान खाली गेली की दिवसभर तेच चालतं आणि घोड्याने तुम्हाला ओळखलेलं असतं.

खोगिराला पुढे ती मूठ कशाला असते? धरायला?

धरायला नाही. गुराच्या गळ्यात फास पडला की दोराचं दुसरं टोक त्या मुठीला गुंडाळायचं आणि घोड्याच्या ताकदीवर जनावर थोपवायचं, यासाठी ती आहे. हे खोगीर, हा फास, रोडिओ, सगळं मेक्सिकन गुराख्यांकडून आलं. अमेरिकन काउबॉय त्यांचा शिष्य. घसरायला लागलात तर मात्र खुशाल धरा.

पडलो तर? आणि ती सही कसली घेतात?

माणसं पडतात. बहुतेकदा नुसती धूळ झटकतात, क्वचित हाड मोडतं. घोडेस्वारीत धोका अंगभूत आहे, हे कबूल केल्याचा कागद पोचल्याबरोबर पुढे येतो. बहुतेक राज्यांत तसा कायदाही आहे, म्हणजे केवळ घोडा दचकला म्हणून रँचवर दावा लावता येत नाही. कागद वाचून सही करा. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर आई-वडिलांची सही आधीच पाठवावी लागते. जवळचं हॉस्पिटल किती दूर आहे आणि वाटेवर रँग्लरजवळ रेडिओ असतो का, हे फोनवरच विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही बघा.

बहुतांश दुखापती टाळता येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीवर उभं असतानाच होतात. घोड्याला भोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. दोरी हाताला गुंडाळू नका. मुलांना पळू देऊ नका. खिशातून गाजर काढून भरवू नका, परवानगीशिवाय तर नाहीच.

विरळ हवेचा त्रास होतो का?

कोलोराडोत होऊ शकतो. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढं (१,६४६ मीटर), आणि रॉकीजमधल्या कित्येक रँच आठ हजार फुटांच्या वर आहेत. एक रात्र डेन्व्हरला काढून मग वर जा, भरपूर पाणी प्या, पहिल्या रात्री मद्य नको. ऊन हलकं वाटतं पण भाजून काढतं. जुलै-ऑगस्टच्या दुपारी विजांसह पाऊस येतो, म्हणून लांबच्या फेऱ्या सकाळी असतात.

कोणत्या महिन्यात, कुठे?

शाळांच्या सुट्टीत, मध्य जूनपासून मध्य ऑगस्टपर्यंत, वायोमिंग, मोन्टाना, कोलोराडो. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाच्या आतच १९२६ पासून एकाच घराण्याने चालवलेली ट्रँगल एक्स रँच आहे. डोंगराचं तसं दर्शन दुसरीकडे नाही, पण जागा लवकर भरतात. सप्टेंबरमध्ये बऱ्याच रँच फक्त मोठ्यांसाठी आठवडे ठेवतात. नाताळच्या किंवा वसंताच्या सुट्टीत जायचं असेल तर ॲरिझोना: टूसॉनचा परिसर, किंवा स्वतःला डूड रँचची राजधानी म्हणवणारं विकेनबर्ग. उन्हाळ्यात मात्र तिथे घोडे आणि माणसं दोघंही सावली शोधतात. टेक्सासवाल्यांना बँडेरा जवळ पडतं.

खर्च किती येतो?

आठवड्याचा दर माणशी असतो. साध्या रँचवर मोठ्या माणसाला दोन हजार डॉलरच्या आसपास सुरुवात, चांगल्या प्रसिद्ध ठिकाणी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि वर मर्यादा नाही. लहान मुलांना थोडी सूट. आकडा बघून दचकायला होतं खरं. पण त्यात राहणं, सगळी जेवणं, घोडे आणि मुलांचा दिवसभराचा बंदोबस्त आला. चौघांचं हॉटेल, रेस्टॉरंट आणि तिकिटं यांची बेरीज मांडून तुलना करा. शिवाय १५ ते २० टक्के बक्षिसी शेवटी द्यायची असते. ती बहुधा एकत्र जमा करून स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंत सगळ्यांत वाटतात. आपली मंडळी इथे हात आखडतात आणि ते लक्षात राहतं.

वाय-फाय आहे का? मला ऑफिसचं थोडं काम करावं लागेल.

मुख्य घरात, जेमतेम. मीटिंग ठेवू नका. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कारण शेवटचे काही मैल खडीचा रस्ता आणि शून्य सिग्नल अशी जोडी असते.

मुलं 'काउबॉय आणि इंडियन' खेळतात. काय सांगावं?

खरं ते. बिगहॉर्नच्या परिसरात आधी क्रो, शायेन, लकोटा लोक राहत होते, आणि रँच उभ्या राहिल्या त्या त्यांना हटवल्यानंतर. शेरिडनहून तासा-सव्वा तासावर लिटल बिगहॉर्नचं रणक्षेत्र आहे. १८७६ मध्ये लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी तिथे अमेरिकन लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीचा धुव्वा उडवला. जाता-येता अर्धा दिवस काढून मुलांना घेऊन जा. सैनिकांचंही स्मारक आहे, योद्ध्यांचंही.

आरक्षणाआधी फोनवर काय विचारायचं?

खोल्यांचे फोटो संकेतस्थळावर असतातच, त्यावर वेळ घालवू नका. पाहुणे किती आणि घोडे किती ते विचारा. घोड्यांची संख्या पाहुण्यांपेक्षा बरीच जास्त हवी, तरच त्यांना विश्रांती मिळते. एका रँग्लरमागे किती पाहुणे? आठवडाभर एकच घोडा का? आई-वडिलांना एक दिवस तरी मुलांबरोबर फिरता येतं का? हिवाळ्यात घोडे कुठे असतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस भरभरून बोलायला लागला, कुठल्या कुरणात, कोण चारा घालतं, कुणाची म्हातारी घोडी आता निवृत्त झाली, तर त्याच फोनवर आगाऊ रक्कम भरून टाका. उन्हाळ्यासाठी आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला हे फोन करा.

परत आल्यापासून मुलगी 'घोडा घ्या' म्हणून मागे लागली आहे.

साहजिक आहे. अमेरिकेत असाल तर जवळच्या तबेल्यात आठवड्याला एक धडा लावा, किंवा तुमच्या काउंटीत फोर-एच या युवक संघटनेचा घोड्यांचा गट आहे का ते बघा. काही गटांत स्वतःचा घोडा नसला तरी चालतं. मुंबईत असाल तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. आणि कुठेही असलात तरी तिला आधी खरारा करायला, लीद उचलायला आणि खूर साफ करायला लावणारा तबेला शोधा. वर्षभर ते केल्यानंतरही मागणी कायम असेल, तर मग दर महिन्याच्या चाऱ्याचं, नालांचं आणि पशुवैद्याचं बिल किती येतं ते तबेल्यातच विचारा, तिच्यासमोर.